बसल्या जागेचे सत्त्याण्णव

बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा सत्त्याण्णव दाखवत होता, आणि सत्त्याण्णववाल्या माणसाला जगात कोणी आजारी म्हणत नाही, असे थोरला सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला.

"घे, तूच बघ," त्याने आईचा डावा हात उचलून बहिणीसमोर धरला. संधिवाताने आईची बाकीची बोटे एका बाजूला कलली होती. डावी करंगळी तेवढी सरळ राहिली होती, म्हणून चिमटा नेहमी करंगळीलाच लागायचा.

"दादा, हात सोड तिचा. ती कापड कापतेय."

थोरल्याने हात सोडला. आईने चिमट्यासकट तो हात पुन्हा कॅनव्हासवर ठेवला आणि उजव्या हाताने कात्री पुढे सरकवली. कात्रीच्या मुठीला फडके गुंडाळून गुंडाळून ती आता पेरूएवढी जाड झाली होती. रविवार होता, कारखान्यातली चारही मशीन झाकलेली होती, पण आईची कात्री कधी झाकलेली कोणी पाहिली नव्हती. सुतार, प्लंबर, वायरमन यांच्या हत्यारांच्या पिशव्या या घरात शिवल्या जात, आणि त्यातला एकही तुकडा आईच्या हाताखालून गेल्याशिवाय मशीनवर जात नसे.

कापायच्या लांब टेबलावर, लोखंडी वजनाखाली, तिच्या छातीचा रिपोर्ट होता. कालच आला होता. सांध्यांच्या डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी सहज म्हणून फोटो काढायला सांगितला, तो सीटी स्कॅनच्या यंत्रातला मोठा फोटो, आणि त्यात दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी जाळीसारखे व्रण निघाले. उद्या सकाळी नऊला दवाखान्यात जाऊन सांगायचे होते: पुढच्या तपासण्या करायच्या, की आहे तसे राहू द्यायचे. ते सांगायचे काम थोरल्याकडे होते. या घरात सांगायची सगळी कामे त्याच्याकडेच होती.

"मला एक कळत नाही," मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. बसायला दिलेले स्टूल नाकारून कापडाच्या ताग्यावर बसली होती. "सांध्यांचा डॉक्टर छातीत कशाला शिरला?"

"तो आजारच नुसता सांध्यांचा नाही, मावशी," लेक म्हणाली. थोरल्याची ही बहीण शाळेची बस चालवायची. सुट्टीच्या दिवशीही तिच्या गळ्यात किल्ली असायची. "काल मी स्वतः विचारलं. म्हणाले, तो अंगभर फिरतो. सांध्यात गेला की आरडाओरडा करतो, फुफ्फुसात गेला की पुष्कळदा गप्प बसतो. कितीतरी दिवस माणसाला काही कळतही नाही."

"म्हणजे आपल्या घरच्यांसारखाच झाला की," मावशी म्हणाली.

सून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. वरच्या स्वयंपाकघरातून कप्पीवर टोपली खाली येत होती, तिची दोरी तिच्या हातात होती. टोपलीतून चहाचे पाच पेले आले. सहा वर्षांपूर्वी आईचे गुडघे सुजले आणि जिना बंद झाला, तेव्हा थोरल्याने ही कप्पी बसवली. आईची खाट खाली कारखान्यामागच्या खोलीत आणली. ऑफिसातली जुनी खुर्ची आणून तिला मोठी चाके आणि ब्रेक लावला. कॅनव्हासचे तागे आईच्या उजव्या हाताशी येतील अशी घोडी केली, कापलेले तुकडे डाव्या बाजूने घसरत मशीनकडे जातील असा पाट केला. मोरीपर्यंत खुर्ची, टेबलापर्यंत खुर्ची, दारात उन्हाला बसायचे तर खुर्ची. दुसऱ्या कारखान्यांतली माणसे येऊन ती मांडणी बघून जात. थोरल्याला ज्या मोजक्या गोष्टींचा अभिमान होता, त्यात ही पहिली होती.

"खोकला आहे? नाही," तो बोटांवर मोजू लागला. "ताप आहे? नाही. धाप लागते? कधी लागली नाही. आई, लागते का गं धाप? नाही लागत. जेवण सुटलंय? नाही. मग दुखत नाही ते दुखणं कसलं? रिपोर्ट बदलला असणार. तिथे दिवसाला शंभर माणसं जातात."

"नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे, तू आईला उत्तरही देऊ दिलं नाहीस," लेक म्हणाली.

"काय उत्तर द्यायचंय? डोळ्यासमोर बसलीय."

आईने कापलेला तुकडा पाटावर सोडला. तो घसरत गेला आणि झाकलेल्या मशीनला जाऊन अडकला.

सुनेला कोणाची बाजू घ्यावी ते समजत नव्हते. रिपोर्ट चुकीचा म्हणावा, तर नवऱ्याचे खरे, आणि तिची स्वतःची सुटका. रिपोर्ट खरा म्हणावा, तर मग व्रण आले कुठून? दर बुधवारी त्या सहा पिवळ्या गोळ्या सासूबाईंच्या तळहातावर तीच ठेवत आली होती. चार वर्षे. गोळ्यांच्या पाकिटात घडी घातलेला कागद असतो, तो तिने गेल्या आठवड्यात, फोटो काढायला सांगितला त्या दिवशी, पहिल्यांदा पूर्ण उलगडला. बारीक अक्षरांत फुफ्फुसांचे नाव होते. तेव्हापासून तिला जेवण गेले नव्हते.

"धूळ," मावशी म्हणाली. "माझं तर पहिल्यापासून म्हणणं आहे. चाळीस वर्षं या कापडाची धूळ खातेय अक्का. तिला माझ्याकडे घेऊन जाते. मागे झाडं आहेत, हवा आहे."

"तुझ्याकडे पण जिना आहे, मावशी," थोरला म्हणाला.

"मग तू आहेस ना कप्प्या बसवायला."

"आणि त्या डॉक्टरचं काय सांगतेस," थोरला बहिणीकडे वळला. "मला म्हणतो, तुमच्या आईच्या पाठीला नळी लावली की वेल्क्रोची पट्टी हळू उघडल्यासारखा आवाज येतो. मी म्हटलं, हा माझी थट्टा करतोय. आम्ही पिशव्या शिवतो हे याला कोणी सांगितलं?"

"कोणीही सांगितलं नाही, दादा. तसाच आवाज येतो म्हणून सगळे डॉक्टर तसंच म्हणतात."

"सगळे डॉक्टर पिशव्या शिवतात का?"

लेक उठली. मशीनखालच्या खोक्यातून तिने हाताएवढी वेल्क्रोची पट्टी काढली, दोन्ही बाजू चिकटवल्या आणि मग अगदी हळू, कानाशी धरून उलगडल्या. खर्रर्र. घरातल्या प्रत्येकाने हा आवाज दिवसातून हजारदा ऐकला होता, आणि आज पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे कान देऊन बसले.

"आई, जरा पुढे वाक."

"आता काय?" आई म्हणाली. सकाळपासूनचे हे तिचे पहिले बोलणे.

"काही नाही. कान लावते."

लेकीने आईच्या पाठीला कान लावला. "मोठा श्वास घे." आईने घेतला. लेकीने जागा बदलून थोडे खाली, बरगडीच्या शेवटाला कान लावला. मग थोरल्याला बोलावले.

थोरला गुडघ्यावर बसला. पंचवीस वर्षे मशीनजवळ काढलेला माणूस. एका कानाने त्याला कमीच ऐकू येई. त्याने तोच कान लावला. "काही नाही."

"दुसरा लाव."

त्याने दुसरा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "आईच्या पोलक्याचा आवाज आहे," तो म्हणाला. "नवं आहे ते."

"मी ऐकते," मावशी उठली. तिने कान लावला, डोळे मिटले, आणि नंतर तसेच डोके बहिणीच्या पाठीवर ठेवून राहिली. कोणालाच कळेना, ती ऐकतेय की टेकलीय. शेवटी ती म्हणाली, "अक्का, लहानपणी तुझ्या पाठीवर बसून मी विहिरीवर यायचे. तेव्हा नव्हता हा आवाज."

"तेव्हा तू सारखी बडबडत होतीस," आई म्हणाली. "ऐकू कसा येणार?"

सुनेला कोणी बोलावले नाही. ती आपण होऊन आली आणि वाकली. अगदी तळाशी, श्वासाच्या शेवटाला, तिला तो स्पष्ट ऐकू आला. पट्टी उघडतेय, पण मागच्या खोलीत. ती सरळ झाली आणि तिचे तोंड पांढरे पडले.

"वहिनी, या बुधवारच्या गोळ्या दिल्यास ना?" लेकीने त्याच वेळी विचारले. ती उद्यासाठी कागदावर औषधे लिहीत होती. "तारीख टाकायचीय."

सुनेने वर फळीकडे पाहिले.

"वहिनी?"

सून बटणांच्या फळीकडे गेली. वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडले आणि टेबलावर उपडा केला. पितळी बटणांतून सहा पिवळ्या गोळ्या बाहेर आल्या.

"मी दिल्या नाहीत," ती म्हणाली. "त्याच्या जागी त्या दुसऱ्या, साध्या व्हिटॅमिनच्या दिल्या. कागदावर लिहिलंय की या गोळ्यांनी छातीला होतं. मीच देत होते ना चार वर्षं. माझा हातच उचलेना."

थोरला उभा राहिला. फोटो काढायला सांगितला त्या दिवशी तो स्वतःच म्हणाला होता की छातीत काही निघालेच तर ते औषधांनी झाले असणार. आता म्हणाला, "कोणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात..."

"मी बोललो. तू केलंस."

"ओरडू नकोस तिच्यावर," मावशी मध्ये आली. सुनेचा आणि तिचा लग्नापासून उभा दावा. वर्षभर एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. ती सुनेच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्याचे सुनेलाच जास्त आश्चर्य वाटले. "तिच्या जागी मी असते तर खिडकीतून फेकल्या असत्या. हिने निदान ठेवल्या तरी."

"मावशी, तू तर धूळ म्हणत होतीस."

"धूळही म्हणते."

"हे बघा," लेक म्हणाली, "डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, गोळीने झालं असं त्यांना वाटत नाही. आजारच तिकडे पोचला असावा. पण किती पोचलाय, वाढतोय की थांबलाय, हे पुढच्या तपासण्यांशिवाय सांगता येणार नाही. आणि बजावून सांगितलं, आपल्या मनाने काही बंद करू नका, काही सुरू करू नका. वहिनी, उद्या तू चल. जे केलंस ते तूच त्यांना सांग. रागावणार नाहीत."

"रागावले तर?"

"रागावले तर मी आहे. चाळीस पोरं रोज माझ्या मागे बसून ओरडतात. एक डॉक्टर काय चीज आहे?"

सुनेने गोळ्या एक एक करून वेचल्या. बटणे तशीच पडून राहिली.

लेकीने पुन्हा कागद ओढले. रिपोर्टच्या मागे दवाखान्याचा मोठा तक्ता होता. वजन, रक्तदाब, बसून घेतलेला प्राणवायू: सत्त्याण्णव. त्याखाली एक ओळ होती, 'सहा मिनिटे चालून', आणि त्या ओळीपुढच्या रकान्यात आडवी रेघ. रेघेवर कोणीतरी घाईत लिहिले होते: केली नाही, गुडघे.

तिने ते दोनदा वाचले.

"दादा, ही चालायची तपासणी का नाही केली?"

"कशी करणार? त्या नर्सने विचारलं, आजी चालतात का. मी म्हटलं, नाही, गुडघे आहेत. सहा वर्षं खुर्ची आहे. तिने रेघ मारली."

"आईला विचारलं?"

"आईला काय विचारायचं? मी ढकलत होतो ना खुर्ची."

लेक कागद खाली ठेवून आईच्या समोर येऊन बसली, जमिनीवरच. तिच्या मनात काहीतरी फिरत होते, पण ते हाताला लागत नव्हते. बस उभी असताना तापत नाही. सपाट रस्त्यावरही तापत नाही. गॅरेजवाला म्हणतो, बाई, चढावर घाला, मग सांगा. तिच्या मनात आले, सहा वर्षांत आईला चढावर कोणी घातले आहे?

"आई, गुडघे शेवटचे कधी दुखले?"

आईची कात्री थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे, दुखून रडू आलं, सूज आली, असं. कधी?"

आई आठवू लागली. आठवता आठवता तिचा चेहरा असा झाला, जणू कोणी तिला तिच्याच घराचा पत्ता विचारला आहे आणि तो तिला येत नाही. "गोळी सुरू झाली," ती हळूहळू म्हणाली, "त्याच्या पुढच्या वर्षी... कमी झाले होते. सकाळी जरा आखडतात. बोटं काही सुटली नाहीत. पण गुडघे..."

"तीन वर्षं झाली त्याला, आई."

"हो का?"

"मग तू खुर्चीत का बसतेस?" थोरल्याने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते.

आईलाही कळत नव्हते. तिने कात्री ठेवली. या सगळ्यांना काय सांगायचे आणि त्यातले खरे किती, हे तिने स्वतःशी कधी मोजलेच नव्हते. एका दुपारी घरात कोणी नव्हते. वरची खिडकी वाऱ्याने आपटत होती, काच फुटेल म्हणून ती उठली आणि चढली. गुडघे काही बोलले नाहीत, तेव्हा तिला हसूच आले होते. मग मध्येच कुठेतरी जिना लांब झाला. पाय होते, जिना होता, मधली हवा कोणीतरी काढून घेतली होती. ती पायरीवर बसली, किती वेळ ते माहीत नाही, आणि बसूनच खाली उतरली. खिडकीची काच फुटली. संध्याकाळी सुनेने विचारले, सासूबाई, चेहरा का असा? आणि ती म्हणाली, गुडघा. गुडघा म्हटले की या घरात पुढे कोणी काही विचारत नसे. खुर्ची येई, उशी येई, चहा येई. खोटे बोलावे असे तिच्या मनात नव्हते. वय झाले, असे तिला वाटले. वयाला वेगळे नाव कशाला द्यायचे, गुडघा आहेच.

"मला वाटलं, वय झालं," ती एवढेच म्हणाली.

मग तिने खुर्चीचा ब्रेक लावला, टेबलाला धरले आणि उभी राहिली.

थोरला धावला. लेकीने त्याचा दंड धरला. "पडली तर धर. तोवर नाही."

"तिला जिना चढवणारेस तू? आज? डॉक्टर नाही, कोणी नाही."

"मी कुठे चढवतेय? आई, कुठे निघालीस?"

"खिडकी बघून येते," आई म्हणाली. कोणती खिडकी, ते कोणाला कळले नाही.

"चिमटा राहू दे बोटाला," लेक म्हणाली. "मी शेजारून येते. नव्वदच्या खाली गेला की बसायचं. ऐकायचं माझं."

आईने मान हलवली. जिना अठरा पायऱ्यांचा होता, एका बाजूला कठडा. लेक एक पायरी मागे, थोरला तिच्या मागे दोन्ही हात पसरून, जणू वरून तागा पडणार आहे. सून वर जाऊन उभी राहिली. मावशी खालीच थांबली आणि मोजू लागली, मोठ्याने, कारण तिला दुसरे काही सुचत नव्हते.

चौथ्या पायरीला पंचाण्णव. गुडघे वाकत होते, सरळ होत होते. थोरल्याची नजर त्या गुडघ्यांवर होती. ते गुडघे त्याला अनोळखी वाटले.

"सात," मावशी म्हणाली. "आठ."

"एक्याण्णव," लेक म्हणाली. "आई, बोल काहीतरी."

आई बोलली नाही. तिचे तोंड उघडे होते. नवव्या पायरीवर तिच्या खांद्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली. दहाव्या पायरीवर लेकीने चिमट्याकडे पाहिले आणि आईच्या कमरेत हात घातला. "बस. आई, खाली बस."

आई बसली. अठ्ठ्याऐंशी. बसल्यावरही आकडा उतरतच राहिला, सत्त्याऐंशी, शहाऐंशी, आणि तिथे थांबला. खोकला नव्हता. कुठे दुखत नव्हते. फक्त ती श्वास घेत होती, एकामागून एक, दुसरे कुठलेही काम नसल्यासारखी, आणि तिच्या ओठांचा रंग बदलला होता. वरून सुनेला आणि खालून मावशीला, दोघींना एकच गोष्ट दिसत होती, आणि ती सहा वर्षांत कोणीच पाहिली नव्हती.

"मी उचलतो," थोरला पुढे झाला. "आई, मी उचलून नेतो. वर नेऊ की खाली नेऊ, सांग."

आईने हात पुढे केला. त्याला वाटले, हात धर म्हणते आहे. तिने तळवा त्याच्या छातीवर ठेवून त्याला थोपवले.

"थांब," ती म्हणाली. मध्ये दोन श्वास गेले. "हात लावू नकोस. मला... दमू दे जरा. कोणी दमूच... दिलं नाही मला."

थोरला खालच्या पायरीवर बसला. ती खुर्ची, ती चाके, तो पाट, ती कप्पी. सगळे त्याने किती मन लावून केले होते. त्यातले काय चुकले ते त्याला सांगता आले नसते, आणि काहीच चुकले नाही असेही आता म्हणता येत नव्हते. त्याने आईच्या पायाला हात लावला आणि मग तोही काढून घेतला.

सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. लेक आकडे हळू आवाजात सांगत होती. एक्याण्णव. आईचे खांदे खाली आले. ओठांवर रंग परतला. तिने वर पाहिले. सुनेच्या मागे खिडकीचा एक तुकडा दिसत होता.

"काच नवी बसवलीस?" तिने विचारले.

"तीन वर्षं झाली, सासूबाई," सून म्हणाली. ती रडत होती.

"निळी कशाला घेतलीस?"

"तीच होती दुकानात."

मावशी खालून म्हणाली, "अक्का, आठ राहिल्या."

"राहू देत. आज नको." आईने कठड्याला हात टेकवला. "लेकी, तो कागद कुठे आहे? रेघ मारलेला."

"टेबलावर आहे. तो डॉक्टरांचा आहे, आई, त्यावर आपण काही लिहायचं नाही. वेगळ्या कागदावर लिहिते. दहा पायऱ्या, शहाऐंशी. बाकी उद्या ते बघतील. पुढच्या सगळ्या तपासण्याही."

"लिही. आणि बसल्या जागेचे सत्त्याण्णव पण लिही. तेही खोटे नव्हते."

लेकीने थोरल्याकडे पाहिले. "दादा, उद्या नऊला त्या नर्सने विचारलं, आजी चालतात का, तर काय सांगशील?"

थोरल्याने तोंड उघडले. सवयीने उत्तर त्याच्या जिभेवर आले होते. ते त्याने गिळले. खालून टोपलीतल्या चहाचा वास येत होता. पाचही पेले तसेच निवत होते.

"मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "मी बाहेर बसेन. तिला विचारू देत."